सिस्टरजींनी दिलेला चार्ज

सिस्टरजींना झोप कुठेही लागायची. राजवाड्याला जाणाऱ्या ऑटोत, दवाखान्याच्या बाकावर, आमच्या गच्चीत उन्हाला खुर्ची टाकून. मान जराशी कललेली, कपाळावर एक आठी नाही. परीक्षेच्या आठ दिवस आधीपासून कूस बदलत पडणारी मी त्यांच्याकडे बघत राहायचे आणि खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. एकाच माणसाला इतकी शांती का मिळावी?

आमच्या खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती. सगळी नोकरी इथे इंदूरलाच नर्स म्हणून झाली. निवृत्त झाल्या तरी मोहल्ल्यासाठी त्या सिस्टरजीच राहिल्या. आमच्या घरात बुद्धांची तसबीर आहे, पण त्यांच्या नाताळच्या करंज्यांचा पहिला डबा आमच्याकडेच यायचा.

डिसेंबर लागला की त्या टेबलावर देखावा मांडायच्या. मारिया, योसेफ, दोन मेंढ्या आणि मधे लाकडाची छोटी रिकामी गव्हाण. बाळ येशू तिच्यात नाताळच्या सकाळीच यायचा. तोवर तिच्यात काड्या टाकायच्या. माझे पप्पा पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात कामाला आहेत. तिथे मशीनचे पार्ट सुक्या गवतात बांधून येतात, तेच गवत ते आणून द्यायचे. सिस्टरजींचा नियम होता, एका चिंतेला एक काडी. काडी टाकली की ती चिंता देवाची.

गेल्या वर्षी आम्ही दोघींनी एकाच दिवशी काडी टाकली. माझी गणिताच्या एटीकेटीच्या निकालासाठी. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. परत नापास झाले तर पप्पा कारखान्यात काय सांगतील, हेच डोक्यात. त्यांची काडी छातीतल्या गाठीच्या रिपोर्टसाठी होती. काडी टाकून त्या मटार सोलायला बसल्या. मी तासाभरात पाच वेळा मोबाईलवर निकाल बघितला.

दोन दिवसांनी, त्या स्वयंपाकघरात असताना, मी माझी काडी हळूच काढून घेतली. चिंता तर माझ्याकडेच होती, काडी तिथे ठेवणं खोटं वाटलं. शिवाय त्यांची काडी काम करते आणि माझी करत नाही, हे बघवत नव्हतं.

मी पास झाले. त्याच आठवड्यात त्यांचा रिपोर्ट आला. चांगला नव्हता. त्या गच्चीवर आहेत असं कळलं, म्हणून मी जिना चढायला लागले. तेव्हा मनात आलेला विचार लिहायला लाज वाटते: आता तरी यांना झोप लागणार नाही.

त्या उन्हात झोपल्या होत्या. आणि पास झालेली मी, पुढच्या सेमिस्टरच्या धास्तीने, आदल्या रात्री जागीच होते.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी जरा रागानेच विचारलं, "भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते ना. हात बघ, कसे थंडे पडलेत." त्यांनी माझा हात धरला. "पण बेटा, ड्यूटी संपली की आम्ही काय करायचो? पुढच्या सिस्टरला चार्ज द्यायचा, एकेका पेशंटचं सांगायचं आणि घरी जायचं. एक होती, चार्ज देऊन परत परत वॉर्डात डोकवायची. सगळ्या चिडायच्या तिच्यावर. अरे भैया, भरोसा नाही तर चार्ज दिला कशाला?"

मी हात सोडवू लागले.

"तू पण डोकावतेस," त्या म्हणाल्या. "काडी तर उचलूनच नेलीस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोनच तर होत्या. मी तुझ्या नावाची परत टाकली. दुसऱ्याने टाकलेली चालते का, ते फादरना विचारलं नाही. नाही म्हणाले असते तर?"

नवीन वर्ष लागताच त्यांची मुलगी त्यांना नगरला घेऊन गेली. जाताना सिस्टरजींनी देखाव्याचा खोका माझ्या हातात दिला. होळीच्या सुमारास मुलीचा फोन आला. शेवटच्या दिवसांतही आईला झोप चांगली लागायची, असं ती म्हणाली. मला आधी हेवा वाटला. रडू नंतर आलं.

या डिसेंबरमध्ये मी तो देखावा आमच्या घरात, बुद्धांच्या तसबिरीखालच्या फळीवर मांडला. आई क्षणभर बघत राहिली, मग "राहू दे" म्हणाली. पप्पांनी न सांगता गवत आणलं. मी एक काडी टाकली. चार्ज कोणाला देतेय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत दोनदा त्या फळीपाशी गेले आणि दोन्ही वेळा हात मागे घेतला.

काडी अजून तिथेच आहे.