उपाशी घ्यायची गोळी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. कंपनीतून आल्यावर तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या होत्या. अर्ध्या झाल्या आणि हात थांबले. मघाशी दौंडहून वन्संचा फोन आला — आत्यांना पुढच्या आठवड्यात पुण्याला न्यायचं, मोठ्या डॉक्टरांकडे. हातातून तार घालून हृदयाच्या नळ्या बघतात म्हणे. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला, आणि शेंगा बाजूला सारल्या. जे नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, ते आता सांगायला हवं. आधी तुम्हाला सांगते. तुम्ही घरातले नाही — सोपं जाईल.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. वन्सं त्यांची मुलगी, दौंडला दिलेली. आम्ही शिरूरला.

दोन वर्षांपूर्वी आत्या सुजल्यासारख्या दिसायला लागल्या. भर उन्हाळ्यात गोधडी पांघरायच्या. वन्संनी त्यांना दौंडच्या खाजगी डॉक्टरांना दाखवलं. थायरॉईड निघालं. रोज एक गोळी, पन्नास मायक्रोग्रॅमची, कायमची. कायमची गोळी विकत कशाला घ्यायची? मी इथल्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला, दौंडची चिठ्ठी दाखवली. डॉक्टरबाईंनी तीच गोळी लिहून दिली, औषधांच्या खिडकीवर फुकट मिळाली. तपासणी दौंडला, गोळ्या शिरूरला — ही सोय माझी. सोय चांगलीच होती.

पहिल्यांदा गोळ्या आत्यांच्या हातात दिल्या तेव्हा रांजणगावच्या कंपनीची बस चौकात हॉर्न मारत होती. चप्पल घालता घालता मी म्हणाले, "आत्या, ही उपाशी घ्यायची बरं का." झालं. एवढंच.

काही महिन्यांनी रक्त तपासलं, फरक नाही. दौंडच्या डॉक्टरांनी पंचाहत्तर केली. तरी फरक नाही. मग शंभर. वन्सं म्हणाल्या, "वयनी, सरकारी गोळीत नुसतं पीठ असतंय." मी मान हलवली. नुसती मान नाही — खिडकीवरच्या माणसाला रांगेतल्या सगळ्यांसमोर तेच ऐकवलं. तो बिचारा पुढच्याची चिठ्ठी बघायला लागला.

आणि मग एका मंगळवारी, चहापत्ती शोधताना, फडताळातला एक डबा उघडला. आत गोळ्यांची पाकिटं. बरीचशी न फोडलेली.

"आगं, तूच म्हणलीस न्हवं, उपाशी घ्यायची?" आत्या म्हणाल्या. "आज कुठं हाय माझा उपास?"

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी — त्या दिवशी गोळी. तीही साबुदाण्याची खिचडी खाऊन झाल्यावर.

हसू आलं ना? मलाही आलं होतं. हे चुकलं म्हणून मी लिहीत नाही. बोलताना घाई झाली, ऐकताना गोंधळ झाला, असं होतं. पण पुढं?

पुढं मी आत्यांना सांगितलं — रोज घ्यायची, उठल्या उठल्या, चहाच्या आधी. आणि गप्प बसले. गोळी आजवर रोज पोटात गेलीच नव्हती, हे ना दौंडला कळवलं, ना इथं. का? वन्सं म्हणाल्या असत्या, सगळ्या आळीचे केसपेपर काढून देते आणि घरच्या म्हातारीला गोळी सांगता येईना. त्या खिडकीवर पुन्हा तोंड दाखवावं लागलं असतं. याहून मोठं कारण माझ्याकडं नाही.

शंभरची गोळी रोज जायला लागली. थोड्याच दिवसांत आत्यांचे हात थरथरू लागले. छातीत धडधड, डोळ्याला डोळा नाही, ब्लाउज अंगावर ढिले. दौंडला नेलं. डॉक्टर रिपोर्ट पुढं-मागं करत होते, त्यांना मेळ लागेना. त्यांनी मलाच विचारलं, "गोळी पहिल्यापासून रोज घेतात ना?"

वन्सं माझ्याकडं बघत होत्या. आत्याही बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "रोज."

या एका शब्दापाशी यायला मला एवढं लिहावं लागलं. आत्या काहीच बोलल्या नाहीत. सुनेला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, म्हणून? मी कधी विचारलं नाही.

डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली. पण फार खाली जायला ते तयार नव्हते — पन्नासवर भागलं नव्हतं ना, माझ्या सांगण्याप्रमाणे. धडधड राहिलीच. मग संशय हृदयावर गेला. त्याची वेगळी गोळी, आणि उपास बंद. लग्न होऊन आल्यापासून धरलेला सोमवार आत्यांनी सोडला. एकट्या दुकानापर्यंतही जात नाहीत. छातीवर हात ठेवून चालतात, आत काचेची बरणी असल्यासारख्या. हे मी रोज बघते, डबा भरते आणि कामाला जाते. आता त्या बरणीत तार घालायची वेळ आली — तरी फोनवर नुसतं "बरं" म्हणायचं?

शनिवार. रजा टाकली. सकाळी आत्या चहाला बसल्या तेव्हा नवऱ्यासमोर सगळं सांगून टाकलं. आत्यांनी कप खाली ठेवला.

"म्हंजी माझं काळीज बरं हाय?"

"ते डॉक्टर बघतील. पण मी खोटं बोलले होते."

"मला वाटलं, डाक्टरला तसंच सांगायचं असतंय."

वन्संना फोन लावला. त्यांनी बोलायचं ते सगळं बोलून घेतलं, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. दवाखाना उघडल्यावर खिडकीवर गेले. गोळ्या चांगल्या होत्या, चूक माझी होती, असं रांगेसमोरच सांगितलं. मग आत्यांना घेऊन दौंडची एसटी धरली. गाडी हलली आणि मला सपाटून भूक लागली — कालपासून मीच उपाशी होते. आत्यांनी पिशवीतून चटणी-चपाती काढून माझ्या हातावर ठेवली. इतकं चवीनं मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. धडधड गोळी जास्त झाल्याची असणार, म्हणून गोळी कमी करून दिली. सहा आठवड्यांनी रक्त बघू, म्हणाले, पुण्याचं तोवर थांबवू. मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"तुम्हाला हे तेव्हाच माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले.