माईकच्या बाजूला

दहावीत असताना तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी शाळेने माझं नाव दिलं, तेव्हा माझी एकच अट होती. बाबा ऐकायला आला पाहिजे. शाळेला ही अट ठाऊक नव्हती. बाबाला ठाऊक होती आणि तो ती टाळत होता.

"मना ऐकायला येत न्हाय, येऊन काय करू?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. मानकोलीजवळच्या आमच्या घरामागे पत्र्याची शेड होती, त्यात आमचे कापड विणायचे लूम. त्या खडखडाटात त्याचे कान कधी गेले ते त्यालाही कळलं नाही. पण समोरच्याचे ओठ दिसले की बाबा सगळं समजायचा. लूमवरची माणसं अशीच बोलतात, आवाज न काढता, तोंड नीट उघडून, हाताने खुणा करत. मला ते बाराखडीच्या आधी यायला लागलं असावं.

"ओठ तर दिसतील ना," मी हट्ट धरला, आणि तयारीही शेडमध्येच सुरू झाली. बाबा तुटलेला धागा जोडत उभा, मी समोर. विषय होता 'माझं बदलतं गाव', म्हणजे आमच्या शेतांच्या जागी उभी राहिलेली गोदामं. "तोंड उघर. ओठ दिसू दे," तो म्हणायचा. त्याने भुवया उडवल्या की समजायचं, वाक्य पोचलं नाही, पुन्हा म्हणायचं. एकदा मी जोशात येऊन खरंच ओरडत होते आणि नेमकी लाईट गेली. सगळे लूम गप्प झाले आणि माझं "या गोदामांनी आम्हाला काय दिलं?" अख्ख्या आळीला ऐकू गेलं. स्वयंपाकघरातून आईने उत्तर दिलं, "धूळ दिली! आता जेवायला या."

शाळेत सरांनी कपाळाला हात लावला. "एवढं तोंड का वासतेस? आणि हा आवाज! तिथे माईक असतो, बाई. त्याच्या जवळ उभं राहून गोड बोलायचं." सरांचं बरोबर होतं. मी दोन्ही शिकले. शाळेत गोड, शेडमध्ये तोंड वासून.

स्पर्धेच्या दिवशी बाबाने लूम बंद ठेवले आणि तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. तो पुढच्या रांगांत बसलेला दिसला आणि माझा जीव सुपाएवढा झाला. माझं नाव पुकारलं. माईक फार उंच होता. कुणीतरी तो खाली केला, थेट माझ्या तोंडासमोर. सरांनी सांगितल्याप्रमाणे मी गोड सुरुवात केली. बाबा डावीकडे वाकला. मग उजवीकडे वाकला. मग मागचे ओरडतील म्हणून सरळ बसला आणि हसऱ्या चेहऱ्याने बघत राहिला. ते हसू मला ठाऊक आहे. लग्नात, बँकेत, जिथे काही कळत नाही तिथे तो तसंच हसतो. मला ते बघवत नाही.

मी माईक सोडला आणि स्टेजच्या कडेला जाऊन उभी राहिले. सर खालून हातवारे करायला लागले, परीक्षकांनी माना वर केल्या. मी तोंड उघडलं आणि बाबाकडे बघत उरलेलं सगळं भाषण म्हटलं. लूमच्या घरातली पोर मी, आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलाच असणार. बाबाच्या भुवया एकदाही उडाल्या नाहीत.

नंबर आला नाही. सरांनी ऐकवायचं ते ऐकवलं. रिक्षा स्टँडपर्यंत बाबा पुढे चालत राहिला. मग थांबला आणि माझ्याकडे वळला.

"विहिरीचा सोडलास गो तू."

गावची विहीर बुजवून तिच्यावर गोदाम उभं राहिलं, ते वाक्य. घाबरून माझ्याकडून राहून गेलं होतं. सरांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मला भर रस्त्यात रडू फुटलं. बाबाला वाटलं, आपण उगाच चूक काढली.

"पुढच्या टायमाला बोल," तो घाईघाईने म्हणाला. "मी येन ना."