दुग्गप्पा गौडांचे दिवे

त्या वर्षी कार्तिक लागला तोवर दुग्गप्पा गौडांचे गाडीचे बल्ब तीनदा बदलून झाले होते, आणि तरी ते म्हणत होते, रस्ता दिसत नाही.

दुग्गप्पा आमचे शेजारी. आगुंब्याच्या अलीकडे, घाटमाथ्यावर आमचं गाव. यजमानांच्या सुपारी सोसायटीतल्या नोकरीपायी मी इथं आले त्याला एकतीस वर्षं झाली. दुग्गप्पांची अॅम्बॅसडर तेव्हाही जुनी होती. गावात तेव्हा दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे कुणाला साप चावला, कुणाचे दिवस भरले, कुणाचं प्रेत उडुपीहून वर आणायचं असलं की माणसं त्यांच्या अंगणात येऊन उभी राहत. हाकसुद्धा मारावी लागत नसे. माझ्या थोरलीच्या वेळी आषाढ होता. तिसऱ्या वळणावर झाड आडवं पडलेलं. दुग्गप्पांनी डिकीतला कोयता काढला, दिव्यांच्या उजेडात भिजत भिजत फांद्या तोडल्या आणि परत बसताना मला म्हणाले, "अक्का, देवाचं नाव घेणं तुमच्याकडं. रस्ता माझ्याकडं." वृंदा उडुपीला पोचल्यावर अर्ध्या तासात झाली.

त्यामुळे हे गृहस्थ रस्ता दिसत नाही म्हणायला लागले तेव्हा मला चैन पडेना.

पहिल्या खेपेला त्यांनी साधे बल्ब काढून हॅलोजन लावले. महिनाभर बरं वाटलं. मग म्हणाले, मंद आहेत. दुसऱ्या खेपेला शंभर वॅटचे आणले. समोरून येणारे बसवाले काच खाली करून ओरडायचे, "गौड्रे, गाडीला सूर्य बांधलाय का? आम्हाला दरीत घालणार का?" आठ दिवसांत तारा तापून गाडीत जळका वास यायला लागला. तिसऱ्या खेपेला कुणाच्या तरी सांगण्यावरून निळसर पांढरे बल्ब घातले आणि उतरत्या धुक्यात घाटात निघाले. पाचव्या वळणावरून मागं फिरून आले. प्रवासी खाली उतरून दुसऱ्या गाडीनं गेले. असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं. त्या दिवशी दुग्गप्पा जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं, वनजाक्षम्मांनी, मला कुंपणापाशी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते उस्मान ब्यारीकडं निघाले. बसस्टँडमागं ब्यारीची शेड आहे, गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. मला बाजारात जायचं होतं, मीही गाडीत बसले. वनजाक्षम्माही आल्या.

ब्यारीनं तिन्ही जोड टेबलावर मांडले आणि कपाळाला हात लावला.

"गौड्रे, तुम्ही बल्ब बदलता की देव बदलता? एक पावला नाही की दुसरा?"

"बडबड नको. चांगला उजेड दे."

"धुक्यात पांढरा उजेड म्हणजे भिंतीवर टॉर्च मारल्यासारखं. सगळा आपल्याच तोंडावर येतो. आणि शंभर वॅट? ह्या तारा तुमच्या वयाच्या आहेत. एवढं ओझं त्यांच्या अंगावर घालायचं तर बॅटरीपासून जाड तार टाकून मध्ये रिले बसवावा लागतो. साधा हॅलोजनच घ्या, जरा पिवळसर. रिले मी बसवतो."

"साधा लावला होता की. नाही दिसत."

"मग बल्बात खोट नाही." ब्यारीनं पुढची रिंग काढली, दिवा बाहेर घेतला आणि काचेतून आत पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच विचारलं, "ह्याच्या आत कुणी हात घातला होता?"

मीही वाकून बघितलं. आतली वाटी आरशासारखी चकचकीत असते. ही करडी पडली होती, मध्ये गोल गोल ओरखडे.

वनजाक्षम्मांनी पदर तोंडाशी नेला.

"मी घासली," त्या म्हणाल्या. "आयुधपूजेला. यांनी बल्ब काढून ठेवला होता ना, तेव्हा. समया घासायला घेतल्याच होत्या, चिंच आणि राख कालवलेली होती. म्हटलं, हाही दिवाच. आत काळपट दिसत होतं. काडीला फडकं गुंडाळून..."

"दोन्ही?"

"दोन्ही. गेल्या वर्षी पण."

ब्यारी हसायला लागला. शेडमधला दुसरा मेकॅनिकही हसला. "अम्मा, समई पितळेची असते हो. ह्या वाटीवर चांदीचा वर्ख असतो, बोट लावलं तरी निघतो. तुम्ही राखेनं घासलात! बरं, तेल-वात नाही घातलीत, एवढी कृपा."

दुग्गप्पा आधी चिडले. "तीस वर्षं गाडी पुसतेस, कधी इंजिनात पण चिंच घातली असशील," असं काहीतरी म्हणाले. पण त्यांचा चेहरा मोकळा झालेला मला दिसला. दोष सापडला होता. बायकोच्या खुळेपणावर ते घरी येईपर्यंत तीनदा हसले. वनजाक्षम्मा मात्र खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. पाचव्या वळणावरून फिरून यायची पाळी नवऱ्यावर आपल्यामुळं आली, हे त्यांच्या मनात रुतलं होतं. घरी आल्यावर देवापुढं किती वेळ बसल्या कोण जाणे.

मंगळूरहून नव्या वाट्या यायला बारा दिवस लागले. ब्यारीनं त्या बसवल्या, पिवळसर बल्ब घातले, जाड तारा ओढल्या. संध्याकाळी सोसायटीच्या गोदामासमोर गाडी उभी करून त्यानं पावलं मोजली, भिंतीवर खडूनं रेघ मारली, दोन फुल्या काढल्या.

"लावा."

दुग्गप्पांनी दिवे लावले. भिंत उजळून निघाली. खडूची रेघसुद्धा लांबून दिसत होती. ब्यारीनं स्क्रू फिरवून उजेड रेघेखाली आणला, जरासा डावीकडं झुकवला.

"कसं वाटतंय, गौड्रे?"

"लख्ख! फुली दिसते, फुलीखालची पाल पण दिसते."

त्यांनी सगळ्यांना चहा आणि गोळीबजे, ही इकडची गोल भजी, खिलवली. वनजाक्षम्मांनाही त्या दिवशी हसू आलं.

चार दिवसांनी डोंगरावरच्या देवळात दीपोत्सव होता. आम्ही तिघं गेलो. दिवेलागणीला पणत्या लावल्या, आरती घेतली आणि लगेच निघालो. अजून पुरतं अंधारलं नव्हतं. धुकं नव्हतं. दिवे असे लागले होते की रस्त्यावरचा खडा अन् खडा दिसत होता. मी मागं मधोमध बसले होते, दोघांच्या मधून मला पुढचं सगळं दिसत होतं. दुग्गप्पा खुशीत होते. म्हणाले, "आता पुढच्या आषाढात बघा, सगळ्यांच्या आधी माझी गाडी घाटात."

कडेनं एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती. मला ती लांबूनच दिसली. तिचं लाल लुगडं, पायातल्या प्लास्टिकच्या चपला, सगळं उजेडात. मला वाटलं, दुग्गप्पा आता गाडी उजवीकडं घेतील. आता घेतील.

"गौड्रे!" मी ओरडले. वनजाक्षम्मांनी त्यांचा हात ओढला.

ब्रेक लागला. भाऱ्याला आरसा घासून गेला, गवत रस्त्यावर सांडलं. बाई गटारात बसली. तिला लागलं नव्हतं, पण ती आम्हाला शिव्या देत होती, आणि देवाशप्पथ, तिचं बरोबर होतं.

दुग्गप्पा स्टिअरिंग धरून बसले होते. हळू आवाजात म्हणाले, "ही कुठून आली?"

वनजाक्षम्मा खाली उतरून बाईला हात द्यायला गेल्या.

"मी विचारतो, ही होती कुठं?"

"कडेनं चालली होती," मी म्हटलं. "कधीपासून."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग पुढं रस्त्याकडं. दिवे चालूच होते, आणि त्यांत तो रस्ता दोन्ही कडांसकट उघडा पडला होता.

उडुपीला डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही बसनं गेलो. बाहेर बाकावर बसून मी नामस्मरण करत होते, पण चित्त लागत नव्हतं. मग आम्हालाही आत बोलावलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फार समजावून बोलल्या. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, उजेड कमी आहे. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते राखायला रोज थेंब घालायचे.

"गाडी?" दुग्गप्पांनी एवढंच विचारलं.

त्या म्हणाल्या, "नाही हो, आजोबा. दिवसासुद्धा नाही."

बसमध्ये वनजाक्षम्मा माझ्याशेजारी बसल्या होत्या. घाट चढताना एकदम म्हणाल्या, "अक्का, माझ्या घासण्यानंच झालेलं असतं तर किती बरं होतं." मी त्यांचा हात धरून ठेवला. पुढच्या सीटवर दुग्गप्पा प्रत्येक वळणाच्या आधी थोडे कलत होते, ड्रायव्हर वळवायच्या आधीच.

त्यानंतर दोनदा माणसं त्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली. एकदा तर बाळंतपणाचंच काम होतं. दुग्गप्पा ओसरीवरून उठले नाहीत. बायकोनं बाहेर जाऊन सांगितलं. ती माणसं गेल्यावर ते गाडीपाशी गेले आणि बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

मार्गशीर्षात एका दुपारी त्यांनी ब्यारीला बोलावून घेतलं. मी प्रसाद द्यायला म्हणून तिथं गेले होते.

"दिवे काढ," ते म्हणाले. "वाट्या, बल्ब, तुझ्या त्या जाड तारा, सगळं. कोप्प्याच्या पिंटोकडं असलीच गाडी आहे. तो घाटात जातो. त्याला लाव."

"असू देत ना, गौड्रे. कुठं खायला मागतात?"

"काढ म्हणतो ना."

ब्यारीनं आणखी दोनदा नको म्हणून पाहिलं. मग मुकाट्यानं रिंगा सैल केल्या. दुग्गप्पा गाडीसमोर उभे राहून बघत होते. दोन दिवे निघाले, त्यांच्या जागी दोन काळी भोकं राहिली, त्यांतून तारा लोंबत होत्या. ब्यारीनं दिवे पोत्यात गुंडाळले आणि पोतं काखेत धरून दुग्गप्पांच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. जाण्याआधी काहीतरी बोलावं असं त्याच्या मनात असावं. खांद्याला खांदा लागेल इतका जवळ होता.

दुग्गप्पा भोकांकडंच बघत होते. जरा वेळानं त्यांनी मला विचारलं, "अक्का, ब्यारी गेला का?"

ब्यारीनं माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"इथंच आहे, गौड्रे," तो म्हणाला.