भाऊजींनी खोडलेली ओळ

ताईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसमधून घरी येऊन चपला काढत होते. "नंदा, हे गेले गं," एवढंच ती म्हणाली. मी "आलेच" म्हटलं, त्याच चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि नेपियर टाउनची ऑटो पकडली. वाटेत मला रडू आलं नाही. आला तो संताप... चोवीस वर्षं ज्या एका वाक्याची मी वाट बघत होते, ते न बोलताच हा माणूस निसटला. त्याला आता सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, हे मला कळतं. ते काम बाकीच्यांनी केलं आहे, फोटोला हार घालून भाषणंही केली आहेत. माझ्या वाट्याला जे भाऊजी आले, ते मी लिहिते.

अरविंद भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. सहा मशीन, एक खडखडणारा प्रिंटर आणि बाहेर बोळात पोरांसाठी पाण्याचा माठ. शिकवायचे मात्र झकास, हे मी नाइलाजाने कबूल करते. नळ सकाळी तासभर यायचा. माठ भरला की भरणाऱ्याने झाकणावरचं पितळी फुलपात्र पालथं घालायचं, म्हणजे दुसरा कोणी उगाच भरायला जात नाही. प्यायचे ग्लास वेगळे, हे फुलपात्र फक्त खुणेचं. संध्याकाळी क्लास सुटला की ते सुलटं करायचं. ते राहिलं तर दुसऱ्या सकाळी जो तो माठ भरलेला समजून पुढे जातो, नळ जातो आणि दिवसभर सगळे कोरडे. नव्या बॅचला भाऊजी आधी या माठापाशी उभं करायचे. "ये देखो, यही फ्लॅग है।" प्रोग्रामला एखादी गोष्ट झाली की नाही झाली, हे लक्षात ठेवावं लागतं, त्यासाठी ठेवलेली ही छोटीशी खूण. शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे हो. आणि मग बोट उगारून म्हणायचे, "जिसने उल्टा किया, वही सीधा करेगा।" एकदा ताईच्या हातून सुलटं करायचं राहिलं, तर चार पोरांसमोर तिला म्हणाले, "काहून विसरली? डोकं कुठं ठेवून राहिली?" ताई पदर सावरत आत गेली आणि पोरं हसली. मीही हसले होते, कारण तेव्हा ते माझे देव होते.

बी.एस्सी. झाल्यावर मी त्यांच्याकडेच शिकले आणि त्यांच्याकडेच शिकवायला लागले. प्रोग्राम लिहिताना मला जो आनंद व्हायचा, तो नंतर कशातच झाला नाही. आमच्या राज्यातून छत्तीसगड वेगळं होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. पनागरकडच्या एका खासगी शाळेनं वार्षिक निकाल कॉम्प्युटरवर काढायचं काम भाऊजींना दिलं. त्याच शाळेला कॉम्प्युटर शिकवायला बाई हवी होती. निकाल नीट लागला की जागा तुमची, असं मुख्याध्यापकांनी मला तोंडावर सांगितलं होतं. प्रोग्राम मी लिहिला. एकेका पोराचे विषय तपासायचे, एखाद्या विषयात गेला की 'नापास' नावाच्या फ्लॅगमध्ये एक टाकायचा आणि सगळे विषय संपले की फ्लॅग बघून शेरा छापायचा. पुढच्या पोराकडे वळताना फ्लॅग परत शून्य, नाहीतर आधीच्याचं नापास होणं त्याला चिकटणार. मी शून्य दोन ठिकाणी लिहिलं होतं, एकदा अगदी सुरुवातीला आणि एकदा प्रत्येक पोराच्या आधी.

भाऊजींनी छापलेला कागद लाल पेनानं तपासला. "हे दोनदा काहून लिहिलं? वर शून्य केलंच आहे ना."

"भाऊजी, ते पहिल्या पोरापुरतं झालं. पुढच्यांसाठी..."

"तू मला फ्लॅग शिकवून राहिली का?"

खालची ओळ त्यांनी कागदावर खोडली, मग स्वतः मशीनवर बसून काढून टाकली. तपासायला पाच खोटी नावं घातली आणि नापास पोरगा नेमका शेवटी ठेवला. चार पास झाले, शेवटचा नापास; चिकटायला त्याच्या मागे कोणी नव्हतंच. "चलो, हो गया," म्हणून ते उठले. मी गप्प बसले, हा माझा दोष, तोही इथं लिहून ठेवते. इतकी वर्षं शिकवणारा माणूस चुकेल कसा, माझंच काहीतरी चुकत असेल, असं मला खरोखर वाटलं.

शाळेच्या यादीत पहिली एकतीस पोरं बरोबर आली. बत्तिसावा मुलगा गणितात खरंच गेला होता. तिथून शेवटच्या नावापर्यंत सगळेच्या सगळे नापास. यादी कोणी न बघताच शाळेच्या व्हरांड्यात लागली आणि दुपारपर्यंत मुख्याध्यापक जीपमधून आमच्या दारात आले. मागे पालक होते. त्यात भाजीचा मळा असलेले एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी, वर्गात नेहमी वरच्या नंबरात येणारी. ती सरळ माझ्यापाशी आली. "दीदी, मेरा कौन सा विषय गया?" मी तिचे गुण पाहिले. एकही विषय गेला नव्हता. तिला हे सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात भाऊजी हात जोडून मुख्याध्यापकांना म्हणाले, "प्रोग्राम सालीजी ने लिखा है। अभी सीख रही हैं, माफ कर दीजिए।" लाल पेनानं खोडलेला कागद त्यांच्या कोपराखाली होता. मला तो दिसत होता, त्यांनाही दिसत होता. दारात ताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत एकच विनवणी होती... बोलू नकोस. मी मशीनकडे वळले. खोडलेली ओळ परत घातली, दहा मिनिटांत सगळा निकाल सुधारला आणि ती मुलगी वर्गात दुसरी आली. शाळेतली जागा अर्थातच दुसऱ्या बाईंना गेली. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट म्हणून चिकटले ती आजतागायत. त्यानंतर मी एकही प्रोग्राम लिहिला नाही.

नातं काही तुटत नाही. दिवाळी आली, लग्नं आली, बारशी आली. भाऊजी पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "या आमच्या कॉम्प्युटर इंजिनियर," आणि स्वतःच हसायचे. एका दिवाळीला मी न राहवून सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊजी, ती ओळ कोणी खोडली होती?" त्यांच्या हातातला घास क्षणभर थांबला. "अच्छा... जुनं काय उकरून राहिली? चलो, ताईला वाढू लाग." मी ताक वाढायला उठले. त्या माणसाचा मला इतका तिटकारा आला होता की ताकाचं भांडं त्यांच्या पानाशी न थांबवता पुढे नेलं. एवढाच काय तो माझा सूड.

तेराव्याला त्यांचे जुने विद्यार्थी पुष्कळ आले होते. त्यातला एक, आता पुण्याला मोठ्या कंपनीत असणारा, माझ्या पाया पडायला वाकला. "दीदी, आप वही हैं न? सर हर बैच को आपका किस्सा सुनाते थे।" मी अंग आवळून घेतलं. म्हटलं, आता मेल्यावरही हे सुटत नाही. तो म्हणाला, "स्कूल के रिज़ल्ट वाला। कहते थे, साली ने सही लिखा था, लाइन मैंने काटी थी। घमंड में काटी थी।" आजूबाजूचे दोघे-तिघेही माना हलवून हसले. सर किती मोठ्या मनाचे, असं ते हसणं होतं. म्हणजे हे वाक्य त्यांना येत होतं! शेकडो पोरांना त्यांनी ते ऐकवलं, टाळ्या घेतल्या असतील, मोठेपण मिळवलं असेल. पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघर दहा पावलांवर, आणि तिथं मी दर सणाला पोळ्या लाटत बसलेली. तेवढी दहा पावलं त्यांना चालवली नाहीत.

मंडळी गेल्यावर मी ताईला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं गं," ती म्हणाली. "मी किती वेळा म्हटलं, एकदा नंदालाही सांगा. म्हणायचे, सांगतो..."

गेल्या रविवारी ताईकडे गेले होते. क्लास बंद आहे, मशीनांवर चादरी घातल्या आहेत. बोळात माठ तसाच. गेले त्या दिवशी सकाळी भाऊजींनीच तो भरला होता. पाणी केव्हाच आटलं असेल, पण झाकणावर फुलपात्र पालथंच होतं, वर बोटभर धूळ. ताई दारात उभी राहून म्हणाली, "माझा हात होऊन नाही राहिला. तू तरी कर ना सुलटं."

मी हात पुढे केला. पितळ थंड लागलं. मग मी हात मागे घेतला.

"राहू दे, ताई. पालथं ज्यांनी घातलं, त्यांचं काम होतं ते."