तुळईखालचा खांब

कोपरा फाडलेलं कार्ड आलं तेव्हा मी ओसरीवर मुलांच्या वह्या तपासत बसलो होतो. असं कार्ड घरात नेत नाहीत, म्हणून उंबऱ्याबाहेर उभं राहूनच वाचलं. ‘आमचे वडील ग्यानबा सुतार सोमवारी वारले. कळावे. नामदेव.’ एवढंच होतं. दहाव्याला जायला हवं होतं. शाळेत तपासणी आहे, रजा मिळणार नाही, असं मी बायकोला सांगितलं. तपासणी नव्हती. परभणीहून पालम काही फार लांब नाही, पालमपासून आमचं गाव दोन कोस. पण गेलो तो महिना उलटल्यावर, तेही दुपारी, रस्त्यावर फारशी माणसं नसताना...

ग्यानबा मला शेवटचा भेटला तो पालमच्या एसटी स्टँडवर, दोन वर्षांपूर्वी. डोळ्यांना दिसत नव्हतं फारसं. मी हाक मारल्यावर त्यानं आवाजावरून ओळखलं. मग मी बसणार त्या बाकड्यावर त्यानं बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं, मान जराशी कलती करून ऐकलं आणि म्हणाला, “चांगलं हाय, बसा बापू.” लाकूड दिसलं की ठोकून ऐकायचं, ही त्याची जन्माची सवय होती. जातं घडवणारा दगड ऐकतो तसं तो लाकूड ऐकायचा. पोकळ असेल तर म्हणायचा, “ह्ये बोलंना.” आम्ही दोघं गाडी येईपर्यंत बसून राहिलो. पावसापाण्याचं बोललो. जे बोलायचं होतं ते मी त्याही दिवशी बोललो नाही.

तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. तरी मी त्याला ‘ग्यानबा’ म्हणायचो आणि तो मला ‘तुमी’. माझे वडील गावचे माली पाटील, म्हणजे सारा वसूल करणारे, आणि तो बलुतेदार, म्हणून तेच दोघांच्याही अंगवळणी पडलं होतं. इथंही मी तसंच लिहितो आहे. आज उगाच ‘ज्ञानोबाराव’ म्हटलं तर तो हसला असता.

निजामी राजवटीची शेवटची काही वर्षं होती ती. मी परभणीला उर्दू शाळेत शिकून गावी परतलो होतो, घरची शेती बघत होतो. गावाची चावडी पार मोडकळीला आली होती. भजन तिथंच, वऱ्हाडं तिथंच उतरायची, वाटसरू तिथंच टेकायचा. चार माणसांनी एकत्र बसायचं म्हटलं तरी वरून माती गळायची. कुणाच्या घरी दहा माणसं जमली तर ठाण्यात बातमी जायची असे ते दिवस, त्यामुळे उघडपणे एकत्र बसायला चावडीखेरीज जागा नव्हती. सरकार दुरुस्त करणार नव्हतं. वडिलांनी ठाण्यातून दुरुस्तीपुरती तोंडी परवानगी मिळवली आणि गावानं ठरवलं की चावडी आपण बांधायची. प्रत्येक खळ्यावरून एक पायली जोंधळा निघाला. तो मानवतच्या बाजारात घालून चुना आणि खिळे आणले. अमावास्येला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, म्हणून दर अमावास्येला घरटी एक माणूस चावडीवर राबायला यायचा. पडक्या गढीतले दगड महारवाड्यातल्या माणसांनी वाहून आणले. बांधून झाल्यावर मात्र त्यांना बसायला पायरीच्या खालचीच जागा होती. तेव्हा ते आम्हाला खटकलं नाही, हेही आज लिहून ठेवतो.

वर माळवद घालायचं होतं. आमच्याकडे माळवद म्हणजे भिंतींवर तुळया, तुळयांवर फळ्या, त्यावर कापसाच्या पळाट्या आणि सगळ्यांवर हातभर माती. तुळया विकत आणायच्या नाहीत अशी आमच्या गावची रीत. पाच भावक्या, प्रत्येकीनं घरची एक तुळई द्यायची. तुळई चढवताना हळदकुंकू लावून त्या घराचं नाव मोठ्यानं घ्यायचं. पुढं पिढ्यान् पिढ्या माणसं वर बघून म्हणायची, ही अमक्यांची. आमच्या घरची तुळई मी जुना गोठा मोडून काढली. सागाची, जाडजूड, बाहेरून तेलपाण्यानं काळीभोर. ग्यानबानं ती तीन ठिकाणी ठोकली. मधोमध ठोकल्यावर थांबला. पुन्हा ठोकली.

“बापू, ही बोलंना.”

“म्हणजे?”

“आतून खाल्लीय. दुसरी बघा.”

दुसरी नव्हती. वडील तेव्हा अंथरुणावर होते, आणि गणपतराव, दुसऱ्या भावकीतले आमचे लांबचे चुलते, त्यांची तुळई आदल्या दिवशीच वाजतगाजत चावडीपुढं आणून टाकून गेले होते. पाटलाच्या घरचं लाकूड सुतारानं परत पाठवलं, हे गावात झालं असतं तर... मी त्याला बाजूला घेतलं. खरं तर मी त्याच्या हातापाया पडलो. तो बराच वेळ वाकसाची धार अंगठ्यानं चाचपत बसला. शेवटी म्हणाला, “बसवतो. पन खाली खांब देनार. त्यो काडायचा न्हाई. कवाच न्हाई.” बाभळीचा एक खांब त्यानं स्वतः तासला, वरच्या टोकाला तुळईच्या पोटाच्या आकाराची खाच पाडली आणि बरोबर मधोमध उभा केला. कुणी विचारलं तर काय सांगायचं, असं मी विचारलं. “सांगीन की, नवं माळवद हाय, बसंपर्यंत टेकू दिलाय.” माझी लाज झाकायला त्यानं गावाशी खोटं बोलायचं कबूल केलं. तेच खोटं मी पुढं त्याच्यावर उलटवलं.

चावडी झाली. सारवायचं काम सखूआत्यानं आपणहून अंगावर घेतलं. ती एकटी राहणारी विधवा बाई. सारवता सारवता सगळ्या गावाला शिव्या द्यायची. “चिखलाचे पाय घिऊन आलास की रं मुडद्या! तुझ्या बापानं सारवलंय का ह्ये?” लोक मुद्दाम तिला ऐकू जाईल असं धपाधप चालायचे.

दुसऱ्या वर्षी वैशाखात माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. वऱ्हाड चावडीत उतरणार होतं. आदल्या दिवशी सगळे तिथं पानसुपारीला जमलेले असताना गणपतरावांनी वर बघितलं आणि म्हणाले, “बाकीच्या चार तुळया आपल्या पायावर उभ्या हायत. पाटलाची तेवडी कुबडी घिऊन उभी हाय.” सगळे हसले. मीही हसलो. ग्यानबा त्या वेळी राणीसावरगावला होता, एका देवळाचं काम घेऊन महिनाभरापूर्वीच गेला होता. मी दोन गड्यांना बोलावलं आणि खांब काढायला सांगितलं. एक जण कचरला. “ग्यानबा कावंल की.” मी म्हणालो, “ग्यानबानंच निरोप धाडलाय. माळवद बसलंय, आता काढा म्हणाला.”

असा निरोप आलेला नव्हता. सगळ्यांसमोर बोललेलं हे एवढं वाक्य मी पुढं कधीच मागं घेतलं नाही.

लग्न पार पडलं. माळवद जसंच्या तसं राहिलं. खांब परत लावायचा, असं मी मनाशी म्हणत होतो, पण दिवस जात होते आणि काही होत नव्हतं. मग मला वाटायला लागलं, ग्यानबा उगाच भितो. मृगाच्या आधी रिवाजाप्रमाणे माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडला. बायका टोपल्या वाहत होत्या, मी खाली उभा राहून बघत होतो. आषाढात तीन दिवस झड लागली. माती भिजून जड झाली. चौथ्या दिवशी सकाळी ऊन पडलं, आणि सखूआत्या शेणाची पाटी घेऊन सारवायला आत गेली...

आम्ही हातांनी माती उपसली. आमची तुळई मधोमध मोडली होती आणि मोडलेल्या जागी तिच्यात नुसता भुगा होता. सखूआत्याचा हात तेवढा आधी सापडला, शेणानं भरलेला.

ग्यानबा दुसऱ्या दिवशी राणीसावरगावहून चालत आला. त्यानं ढिगाऱ्याकडे बघितलं. मागच्या भिंतीला बाहेरून टेकवून ठेवलेला खांब बघितला. मग माझ्याकडे बघितलं. तो काही बोलायच्या आत पोलिसांचे अमीन, म्हणजे आजचे फौजदार, घोड्यावरून आले. आमच्याच माडीवर चौकशी बसली. बाकी गाव खाली अंगणात. वर अमीन, त्यांचा लिहिणारा कारकून, ग्यानबा आणि दुभाषा म्हणून मी. अमीन हैदराबादकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं, ग्यानबाला उर्दू येत नव्हतं. गावात दोन्ही येणारा मीच.

“लकड़ी किसने लगाई?”

ग्यानबा सावकाश, एकेक शब्द तोलून बोलला. “तुळई म्या बसवली सायेब. पोकळ हाय ह्ये म्हाईत व्हतं, म्हून खाली खांब दिला व्हता. काडू नगा म्हून बजावलं व्हतं. त्यो खांब कुनी काडला, कुनाच्या सांगन्यावरनं काडला, त्ये इचारा. खांब असता तर म्हातारी जित्ती राह्यली असती.”

मी भाषांतर केलं, “कहता है, लकड़ी मैंने लगाई. खोखली है, मुझे मालूम था.”

कारकुनाची लेखणी चालली. मी जे सांगितलं त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. एवढं लांब बोलणं माझ्या तोंडून एवढं लहान होऊन बाहेर पडलं, हे उर्दू न कळताही ग्यानबाच्या ध्यानात आलं. तो माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, “लय थोडक्यात सांगितलंत, बापू.” अमीननी मला विचारलं, “क्या बोला?” मी म्हणालो, “कुछ नहीं साहब. माफी माँगता है.” मग कागदावर ग्यानबाचा अंगठा उमटला.

आठ महिने तो परभणीच्या तुरुंगात होता. चावडीच्या भिंती उभ्या होत्या, दाराला ठाण्याचं कुलूप लागलं. माणसं जमायची जागा आपोआप बंद झाली, त्याचं अमीनना वाईट वाटलं नसावं. त्या आठ महिन्यांत मी ग्यानबाच्या घरी दर बाजाराला जोंधळा पोचवत होतो. त्याची बायको पदर पसरून घ्यायची आणि म्हणायची, “देवमानूस हायसा.” मी ते ऐकून घेत होतो...

सुटून आल्यावर त्याला कळलं की गावाच्या मते खांब त्याच्याच निरोपावरून निघाला होता. मी वाट बघत होतो, आता हा चार माणसांत उभा राहील आणि माझं नाव घेईल. त्यानं घेतलं नाही. कदाचित त्या जोंधळ्यामुळे असेल. कदाचित सुताराच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार हे त्याला ठाऊक असेल. मी कधी विचारलं नाही. त्यानंतर त्याला कुणी छपराचं काम दिलं नाही. नांगर, पाभर, तिफण यांपुरता तो सुतार राहिला. पोरं त्याला लांबून ‘सखूआत्या आली रं’ म्हणून ओरडायची. निजामी गेली, कुलूप निघालं, गावानं पुन्हा वर्गणी आणि अंगमेहनत घालून चावडीवर पत्रे चढवले. सुतार मानवतहून आणला. उद्घाटनाला भाषण मी केलं. लोकांच्या श्रमाचं मोल वगैरे खूप बोललो. ग्यानबा बाहेर लिंबाखाली उभा राहून ऐकत होता. चावडीत तो पुन्हा कधी शिरला नाही, मरेपर्यंत.

परवा गेलो तेव्हा नामदेव पडवीत रंधा मारत होता. त्याच्या मागं कोपऱ्यात तो खांब उभा होता. कशालाही टेकू न देता, नुसता भिंतीशी. वरची खाच तशीच. मी बघतोय हे बघून नामदेव म्हणाला, “चावडीतला हाय. बा जेलातनं आल्यावर खांद्यावर घिऊन आला. कुनाला हात लावू द्याचा न्हाई. म्हनायचा, आपला न्हाई त्यो, ठिवाय दिलाय. मालक येईल न्यायला.”

मी तिथं भुशात खाली बसलो आणि सगळं सांगितलं. तुळई, कुबडी, निरोप, माडी, अंगठा. नामदेवनं रंधा थांबवला नाही. माझं संपल्यावरही दोन-तीन हात त्यानं तसेच मारले. मग फळीवरचा भुसा फुंकला.

“मला कोपऱ्यात सांगून काय व्हनार, मास्तर? म्हातारी चावडीत मेली. बाचं नाव चावडीत गेलं. तितं सांगा.”

“आणि खांब?”

“सांगितल्यावर न्या.”

आमच्या चावडीत अजूनही रविवारचं वर्तमानपत्र एक जण मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे ऐकतात. पुरवणीसुद्धा वाचतात. म्हणून हे इथं लिहिलं. ज्या रविवारी हे छापून येईल त्या दिवशी पहिल्या गाडीनं मी पालमला उतरेन. वाचायचं काम दुसऱ्या कुणावर सोडणार नाही. ग्यानबा त्या दिवशी माडीवर जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, मधलं काहीही न गाळता, मी वाचणार आहे. त्यानंतर गाव मला जे म्हणेल ते म्हणेल.

त्या दिवशी निघताना मी खांबापाशी थांबलो होतो. ग्यानबा करायचा तसं बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं, मान कलती करून ऐकलं. मला लाकडातलं काही कळत नाही. पण तो आवाज मलाही कळला. आतून भरीव होता तो, पायथ्यापासून खाचेपर्यंत.