डिस्कला कान लावून

सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपवरून जाताना कटिंग ऑइलचा वास आला की मला बाबांबरोबरची ती रविवारची दुपार आठवते. जुन्या कॉम्प्युटरचा मी घरी सर्व्हर केला होता आणि आई गेल्यावर तिचे सगळे व्हिडिओ त्याच्याच हार्ड डिस्कवर ठेवले होते. त्या दिवशी फाइल उघडेनात, आतून टक् टक् आवाज येऊ लागला, आणि दुसरी कॉपी मी कधी केलीच नव्हती. तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये बिघाडाच्या लाल ओळी वाढतच चालल्या होत्या. बाबा जन्मभर कंपनीत लेथवर होते. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "बेअरिंग ठीक आहे, फिरतंय नीट. आत काहीतरी शोधतंय अन् सापडत नाहीये त्याला. बंद कर, गार होऊ दे. मग आईचं तेवढं आधी काढून घे." तासाभराने डिस्क पुन्हा सुरू केली. ती अडखळत, थांबत चालली, पण संध्याकाळपर्यंत व्हिडिओ निघाले. खात्री करायला मी त्यातला एक लावला. आई स्वयंपाकघरातून हाक मारत होती, "अहो, पानं वाढलीत, या ना!" बाबा खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, "आलो." आता बाबाही नाहीत. आईची ती हाक मी तीन ठिकाणी जपून ठेवली आहे. बाबांचं उत्तर मात्र माझ्याकडे कुठेच नाही.