वाचनालयाचं उंच जोतं

मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. जुनी इमारत कौलारू होती, उंबरठा जमिनीलगत. पावसाळ्यात पाणी आत शिरे आणि खालच्या कप्प्यातली पुस्तकं फुगत. नवीन इमारतीला सरकारी निधी मंजूर झाला, पण तो पुरेना. उरलेलं गावाने वर्गणीतून उभं करायचं होतं.

आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि मंडईला नाटक हवंच. नाटकासाठी माणूस धानाचं पोतं काढून देतो. वाचनालय म्हटलं की त्याला बैलांना पाणी पाजायचं आठवतं. वर्गणीसाठी बोलावलेल्या गावसभेतला हा पेच माझ्या वडिलांनी सोडवला. तेच आमचे सगळ्यांत नेमाचे वाचक. रोज सकाळी पेपरची घडी तेच मोडत.

"वाचनालयापुढं पडवी काढा अन् जोतं छातीएवढं घ्या," ते म्हणाले. "मंडईत तोच स्टेज. पाणीबी शिरणार नाही अन् मांगच्याले नाटकबी दिसन."

टाळ्या पडल्या, मग पोतीही आली. भंडाऱ्याच्या इंजिनीयरने पायऱ्या न चढवणाऱ्यांसाठी समोरून उतार काढायचं सुचवलं, तर सगळे एकदम म्हणाले, "मंग पाहणारे बसतीन कुठी?" उतार नकाशातून गेला. पायऱ्या बाजूला आणि अरुंद ठेवल्या. नट चढला म्हणजे झालं!

बांधकाम संपेपर्यंत वडिलांचे गुडघे गेले. उद्घाटनाच्या सकाळी ते दोन पायऱ्या चढले, थांबले आणि उतरले. मला राग आला, पण काढणार कोणावर? मी अंगणात खुर्ची टाकून दिली.

"कपाटं कोण्या बाजूले लावले गा?" त्यांनी विचारलं.

"दारासमोरच. तुमचं टेबल खिडकीपाशी हाये, बाबा."

मी पेपर खाली आणून दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला, उघडला नाही.

"हे जोतं मीच सांगतलं होतं ना?"

"हो."

"मंग आता बोंबलू कोणाच्या नावानं?" ते हसले. मला हसू आलं नाही.

उताराचं पुढच्या मंडईनंतर पाहू, असं वाचनालयाच्या समितीने ठरवलं. पाहुणे गेले. वारा सुटला होता, पुस्तकांवर धूळ येत होती, म्हणून मी वर जाऊन दार लोटू लागलो. खालून वडिलांचा आवाज आला.

"लावू नोको गा. इथून कपाट दिसते."